मृ धातूचा भविष्यकाळ

आबा,

उद्या सकाळी आईला घेऊन एका नव्या डॉक्टरांकडे जायचं आहे, आणि तयारी नेमकी कसली करायची ते मला कळत नाही. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, आधी शब्द फोड. म्हणून फोडायला बसले आहे. चिठ्ठीवर इंग्रजीत 'पॅलिएटिव्ह केअर' लिहिलंय आणि दवाखान्याच्या पाटीवर त्याचं मराठी केलंय 'उपशामक सेवा'. उप हा उपसर्ग, शम् हा धातू, चौथा गण, शाम्यति. तुम्ही तर पाटीपाशीच थांबला असतात. या धातूला इथे वृद्धी होत नाही, 'शमक' व्हायला हवं, हे 'शामक' तुम्ही कुठून आणलंत, असं दारावरच्या वॉचमनला विचारून त्याची सकाळ खराब केली असतीत. मी वेळ घ्यायला गेले तेव्हा ती पाटी वाचली, मनातल्या मनात तुमच्या लाल शाईने तिच्याभोवती गोल काढला, आणि मला थोडं बरं वाटलं. चूक सापडली की आपल्या घराला बरं वाटतं, हे काही नवीन नाही. नंतर रिक्षात बसल्यावर लक्षात आलं की शब्द फोडून झाला, पण आत काय आहे ते काही दिसलं नाही.

आईच्या पोटात गाठ आहे, स्वादुपिंडात. हे मी तुम्हाला एका वाक्यात सांगितलं. तिला अजून सांगितलेलं नाही. तिला दिवाळीपासून आम्ही 'सूज' सांगत आलो आहोत. ते भाऊने ठरवलं आणि मी मान डोलावली. तुमचा तो धाकटा आता जासईला कंटेनर यार्डात साहेब आहे, उलव्याला राहतो, आणि घरातले निर्णय कंटेनरसारखे सील लावून पाठवतो. आत काय आहे ते विचारायचं नाही. इंजेक्शनं सुरू झाली तेव्हा मुंबईच्या त्या वॉर्डात आई आजूबाजूची केस गेलेली माणसं बराच वेळ बघत बसली होती. मग मला म्हणाली, "या सगल्यांना सूजच हाय?" मी म्हटलं, हो, वेगवेगळ्या ठिकाणी. ती म्हणाली, "बराच मुलूख सुजलाय मंग." त्यानंतर तिने एकदाही काही विचारलं नाही. इंजेक्शनं तिला झेपेनात म्हणून थांबवली. मुंबईचे डॉक्टर भले होते. मला आणि भाऊला आत बोलावून म्हणाले, आता गाठीच्या मागे धावायचं नाही, तिच्या त्रासाच्या मागे धावायचं, आणि ते काम माझ्यापेक्षा चांगलं करणारी माणसं तुमच्या पनवेलजवळच आहेत. म्हणून ही चिठ्ठी.

एरवी दवाखान्यात जाताना निकालाची भीती असते. इथे निकाल आधी लागला आहे आणि पेपरला आता बसायचं आहे. मी इतकी वर्षं शाळेत संस्कृत शिकवते (मुलं ते मार्कांसाठी घेतात, देवाशप्पथ दुसऱ्या कशासाठी नाही), पण असली परीक्षा मी कधी पाहिली नाही. गेल्या आठवड्यात तिथल्या सिस्टरचा फोन आला. आवाज तरुण होता, पण सगळं नीट सांगितलं. सगळे रिपोर्ट आणा, चालू असलेल्या गोळ्या पाकिटासकट आणा, दुखणं दहापैकी किती ते रोज विचारून ठेवा, कदाचित मॉर्फीनच्या गोळ्या सुरू होतील तर नाव ऐकून घाबरू नका. मी सगळ्याला हो म्हणत गेले. शेवटी तिने विचारलं, "पेशंटला आजाराबद्दल किती माहिती आहे?" मी म्हटलं, विचारून सांगते. ती म्हणाली, "मॅडम, कोणाला विचारून?" तिने समजुतीने सांगितलं की डॉक्टरांचा पहिला प्रश्न हाच असतो, आणि आईंच्या समोर काय बोलायचं, काय नाही, हे त्या उत्तरावर ठरतं. तेवढं एक नक्की करून या. उद्याची खरी तयारी एवढीच आहे, आबा. रिपोर्ट पिशवीत भरले आहेत. हे एक उत्तर तेवढं पिशवीत नाही.

आईला कुठे नेतेय ते तर सांगायलाच हवं होतं. ती ओट्याजवळ खाली बसून सुका जवळा निवडत होती. खाववत नाही तिला आता, पण निवडते. म्हणते, हात रिकामे राहिले की पोट बोलतं. मी म्हटलं, "आई, डॉक्टरांनी उपशमनासाठी बोलावलंय." तिने वर बघितलं.

"शांत हाय?"

"शांत नाही गं. उपशमन."

"तेच ते. मास्तरांची साठीची शांत करायची व्हती, ते थांबलेच नाय. आता माजी करताव काय?" तुम्ही तिचे अजून मास्तरच. आणि पुन्हा जवळ्यात बोटं घालत म्हणाली, "भट कंचा सांगितलाव? का तिते पन रामौ रामा?"

हे 'रामौ रामा' तुम्ही विसरला असाल तर आठवण करून देते. मोरा बंदरावर काकांच्या नव्या होडीची पूजा होती आणि भटजी आलेच नाहीत. कोळीवाड्यातला संस्कृत शिकलेला एकुलता एक माणूस म्हणजे भटच, अशी सगळ्यांची समजूत; त्यांनी तुम्हाला ओढून पुढे उभं केलं. तुम्हाला एक पूजा येत असेल तर शपथ. तुम्ही डोळे मिटलेत आणि खणखणीत आवाजात राम हा शब्द सातही विभक्त्यांत चालवलात, मग हरि, मग गुरु, आणि संबोधन आलं तेव्हा हात वर करून नारळ फोडायला लावलात. बायकांनी पदर पसरून नमस्कार केले. येताना एसटीत आई पोट धरधरून हसत होती, आणि तुम्ही गंभीरपणे म्हणालात, विभक्त्या बरोबर होत्या, होडी बुडायचं कारण नाही. बुडाली नाही ती, खरंच. काकांनी पुढे ती विकली तरी घेणाऱ्याकडे ती तरंगतच होती.

तर शांतीचं. मला वाटलं, चेष्टा करतेय. पण दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर तिने कपाटातलं जांभळं नऊवारी काढून दांडीवर वाऱ्याला टाकलेलं. कार्याचं लुगडं. मी विचारलं, हे कशाला? "शांतीला जुनं नेसून बसू?" तिच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं. गैरसमज होता की थट्टा, हे मला त्या दिवशी कळलं नाही, आणि मी ते कळून घेतलंही नाही. उपशमन म्हणजे काय हे तिला मराठीत सांगावं लागलं असतं, आणि ते मला मराठीत येत नव्हतं.

इथे तुमची आठवण होणं अटळच होतं. मी तेव्हा आठवीत, तुमच्या बाहेरच्या खोलीतल्या शिकवणीला पहिल्या रांगेत, कारण घर आमचंच. तुम्ही विचारलंत, परस्मैपद म्हणजे काय, आत्मनेपद म्हणजे काय. मी उभी राहून धडाधड सांगितलं: क्रियाफल कर्तृगामी असता आत्मनेपद, परगामी असता परस्मैपद. मुलं गार झाली. तुम्ही मात्र चष्मा काढून पुसत राहिलात आणि सगळ्यांसमोर म्हणालात, "शब्दाच्या आड बसू नकोस. कळलं असेल तर आत जा आणि आईला सांगून ये." कान तापले माझे. आत आई विळीवर बोंबील साफ करत होती. मी रडक्या आवाजात तिला सांगितलं, अगं, दुसऱ्यासाठी शिजवलं तर 'पचति' म्हणायचं, आणि स्वतःसाठी शिजवलं तर 'पचते'. तिने बोंबलाचं डोकं उडवलं. "मंग मी कंचा?" मी म्हटलं, तू पचति. "रोज?" रोज. "मी पचते कवा?" मी बाहेर येऊन तुम्हाला तिचा प्रश्न सांगितला. तुम्ही हसाल असं वाटलं होतं. तुम्ही हसला नाहीत, आणि त्या रविवारी तुम्ही स्वतः भात लावलात. करपवलात. आईने तो शेवटच्या शितापर्यंत खाल्ला आणि वर म्हणाली, मास्तर, तुमी आत्मनेपदीच बरे.

तेव्हापासून तो नियमच झाला. बाहेर शिकायचं आणि आत जाऊन आईला सांगून यायचं; तिला कळलं तर मला कळलं. लट्, लङ्, लोट्, एकेक लकार, म्हणजे एकेक काळ, मी चुलीपुढे उभी राहून पोचवला. मला वाटायचं, ती नुसती हुंकार देते.

आता दहापैकी किती, हे. सिस्टरच्या सांगण्याप्रमाणे मी रोज विचारते. पहिल्या दिवशी तिने विचारलं, "दहातले म्हंजे कसे? मास्तर देयाचे तसे?" मी म्हटलं, तसेच समज. ती विचार करून म्हणाली, "चार." त्याच रात्री पाठीकडून कळ आली तेव्हा तिने उशीचा कोपरा दातात धरला होता. सकाळी पुन्हा विचारलं तर पुन्हा चार. मी म्हटलं, आई, उशी फाटली. "मास्तरांनी सात कोनाला दिलेले बघितलेस तू? सात म्हंजे पयला नंबर. आपन काय पयल्या नंबरात बसत नाय." तुमच्या चिक्कू मार्कांचे परिणाम अजून भोगतोय आम्ही. मी ते चार डोक्यात घेऊन हिंडते. सिस्टरच्या चारमध्ये आणि तुमच्या चारमध्ये फरक किती, दोन्हींचा गुणाकार करायचा की बेरीज, आणि ती चार म्हणते ते दुखणं कमी आहे म्हणून, की मी घाबरू नये म्हणून? या सगळ्यात तिला किती ठाऊक आहे हा प्रश्न तसाच बसून.

आज संध्याकाळी भाऊ आला. येताना पापलेट घेऊन आला, जे ती खाणार नाही, आणि ती घरात पातळ भातावर आहे हे त्याला माहीत आहे. पण रिकाम्या हाताने यायची त्याला भीती वाटते. तिची खाट आम्ही हॉलमध्येच खिडकीशी लावली आहे, तिथून तळं दिसतं. ती भिंतीकडे तोंड करून झोपली होती. मी खालच्या आवाजात सिस्टरचा प्रश्न सांगितला आणि म्हटलं, भाऊ, मला वाटतं आता तिला सांगू या. त्याने ओठांवर बोट ठेवलं आणि खाटेकडे खूण केली. मग त्याने काय केलं असेल? रविवारच्या जेवणात तुम्ही आमच्यावर जे लादायचात ते संस्कृत बोलणं बाहेर काढलं. दहावीनंतर या मुलाने संस्कृताचं तोंड पाहिलेलं नाही. कपाळाला आठ्या घालून, शब्द शोधत शोधत तो म्हणाला, "अम्बा किमपि न जानाति. यदि वयं वदामः, तर्हि सा... श्वः एव मरिष्यति." आईला काही ठाऊक नाही, आपण सांगितलं तर ती उद्याच मरेल. आणि आबा, तुम्हाला सांगते, माझ्या मनात पहिलं आलं ते हे, की वा, 'श्वः' आठवलं याला.

खाटेवरून आवाज आला. "मरिष्यते."

भाऊने माझ्याकडे असं बघितलं की जणू यार्डातला कंटेनर बोलला. आई वळली नव्हती. भिंतीकडेच तोंड ठेवून म्हणाली, "मृ आत्मनेपदी हाय. म्रियते. ज्याचं त्यानं."

खाली भाजीवाल्याची गाडी चालली होती, तिचा कर्णा तेवढा. मी उठून तिच्या खाटेवर बसले. "आई, हे तुला कोणी शिकवलं?"

"तूच तं. इळीवर बसले व्हते मी. मरताना दुसऱ्याचा काय नसतो, म्हनून म्रियते, आसं सांगितलंस." ती सावकाश उताणी झाली. "मना तवाच पटला व्हता."

आता काय बोलायचं? तिला रडून मिठी मारावी, की क्षमा मागावी, की सूज, शांत, लुगडं या सगळ्यांचा खुलासा विचारावा? या ठिकाणी शहाण्या बाईने काय करायचं असतं ते मला माहीत नाही. मी तुमची मुलगी. मी चूक दुरुस्त केली.

म्हटलं, "आई, तू थोडी चुकतेस. वर्तमानकाळात म्रियते, बरोबर. पण भविष्यकाळात हा धातू बदलतो. तिथे मरिष्यति. भाऊ बरोबर बोलला. मी तुला सांगितलं तेव्हा आम्ही भविष्यकाळापर्यंत पोचलोच नव्हतो."

"बदलतो म्हंजे? परस्मैपदी व्हतो?"

"हो."

"दुसऱ्यासाठी?"

"हो."

तिने ते जरा वेळ तोंडात घोळवलं, मासळीतला काटा शोधावा तसं. मग मान उचलून भाऊकडे बघितलं. तो पंख्याकडे बघत होता आणि त्याची हनुवटी लहानपणी थरथरायची तशी थरथरत होती. "मंग बरोबर बोलला तो," ती म्हणाली. "तोंड बघ त्याचं." आणि त्याला हाताने जवळ बोलावलं. तो पन्नाशीला टेकलेला साहेब तिच्या पायाशी जमिनीवर बसला. त्याच्या केसांतून हात फिरवत ती मला म्हणाली, "आनि लुगडं मी उद्या नेसनार हाय. शांत नसली तरी."

ते ऐकून मला कळलं की थट्टाच होती. की नव्हती? अजूनही मी छातीठोक सांगू शकत नाही. दिवाळीपासून ती काय काय जाणून होती आणि आमच्यासाठी काय काय सुजलेलं ठेवत होती, ते मी विचारलं नाही. मला उद्याचं उत्तर हवं होतं, म्हणून तेवढंच विचारलं. "उद्या डॉक्टर विचारतील, आईंना किती माहीत आहे. काय सांगू?"

तिने डोळे मिटले. मला वाटलं, झोपली. मग म्हणाली, "सांग, धातू म्हाईत हाय. काल म्हाईत नाय."

आमच्याकडे 'काळ'चा 'काल'च होतो, तुम्ही तिला कधी सुधारलं नाहीत; म्हणायचात, संस्कृतात तरी कुठे ळ आहे. "डॉक्टरला म्हाईत आसला तं मना सांगू दे," ती म्हणाली. "तुमी दोगं भाईर बसाचं नाय. मास्तरांनी काय बोलाला येलच दिला नाय. सकाली डबा घेऊन गेले ते गेले. मना कायतरी सांगाचं व्हतं त्यांना." काय सांगायचं होतं, असं भाऊने विचारलं. "ते तुला कशाला सांगू?"

नंतर मी मुगाच्या पाण्यात थोडं मीठ घालून तिला चमच्याने दिलं. तीन-चार चमचे गेले. तोंड पुसताना सवयीने विचारलं, आता दहापैकी किती?

तिने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "सात."

मी चमचा खाली ठेवला. "पयला नंबर," ती म्हणाली, "लिव तसंच. मास्तर काय बघत नाय आता."

तर उद्याची तयारी झाली. रिपोर्ट, गोळ्या पाकिटांसकट, सात, आणि ते एक उत्तर. जांभळं लुगडं उशाशी घडी करून ठेवलं आहे. भाऊ घरी गेलेला नाही, सतरंजीवर आडवा झालाय आणि फोनवर मॉर्फीनबद्दल वाचून स्वतःला घाबरवून घेतोय. तुम्ही तर आम्हाला वेळच दिला नाहीत, ना कुठल्या डॉक्टरांची वेळ घ्यायला लावलीत. तिला तुम्हाला जे सांगायचं होतं ते काय असेल, यावर मी संध्याकाळपासून डोकं चालवते आहे आणि मला काहीही सुचत नाही. तुम्हाला माहीत असेल कदाचित. असेल तर सांगू नका, ते तिचं आहे.

हे कुठे पाठवायचं नाही हे मला कळतं. भाऊने वाचलं तर त्याचं संस्कृत एवढं वाखाणल्याबद्दल फुगेल, म्हणून फाडूनच टाकेन बहुतेक. पण तुम्हाला एक सांगायचं राहिलं. मृ भविष्यकाळात परस्मैपदी होतो, हे मी आईला सांगितलं तेव्हा माझी खात्री दहापैकी चार होती. आमच्या शाळेच्या अभ्यासक्रमात तेवढं येत नाही. तुमचं धातूंचं पुस्तक समोरच्या कपाटात वरच्या फळीवर आहे, स्टुलावर चढलं की हात पोचतो. मी दोनदा स्टूल ओढलं, आणि दोन्ही वेळा जागच्या जागी परत ठेवलं.